त्या गावात परत गेलीस का?

सांगली,
रविवार

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

आधी रागावून घेते, बाकीचं मागाहून. फोनवर रागवायला लागलं की तुझी रेंज जाते, म्हणून लिहिते आहे.

काल तासगावकडचा माझा जुना विद्यार्थी आला होता. दरवर्षी बेदाणे आणून देतो तो. लहानपणी तू ज्याच्या बागेत हरवली होतीस आणि वहिनीने आकांत मांडला होता, तोच. चहा घेता घेता म्हणाला, "बाई, तुमच्या भाचीनं आमच्या शाळेत नॅनोचा कार्यक्रम केला. लय भारी झाला." मी फुलून गेले. मग म्हणाला, "आठवड्यानं पारापाशी जीप आली. त्या माणसाकडंही नॅनोच्या बाटल्या. म्हणाला, शाळेत त्या मॅडमनी सांगितलं तेच हे. आम्ही घेतल्या. यंदा युरियाची पोतीच आणली नाहीत." आणि माझ्याकडे बघत विचारलं, "मॅडमनीच सांगितलेलं ना, बाई?"

काय सांगू त्याला?

तू असलं काही बोलली नसणार, हे मला कळतं. चार आण्यांचा हिशेब जुळेना म्हणून सोसायटीचं सेक्रेटरीपद सोडणाऱ्या दादाची तू मुलगी. पण तू निघालीस तेव्हा त्या हॉलमधल्या एकाकडेही जीपवाल्याला विचारायला प्रश्न नव्हता, हे मला रात्रभर सलत राहिलं. तासभर लोकांना थक्क करून आलीस. थक्क झालेल्या माणसाला काहीही विकता येतं गं.

२००७ मध्ये केंद्राने नॅनो मिशनला हजार कोटी मंजूर केले तेव्हा मी वर्गात मुलांना कौतुकाने बातमी वाचून दाखवली होती. आता पाहते तर पारापर्यंत पोहोचायला जीपवाल्याला फारसा वेळ लागत नाही.

बाटली मी मागवून घेतली. वर मोठ्या अक्षरात नॅनो, आणि आत कशाचं प्रमाण किती, याचा एक शब्द नाही. एवढंच जरी त्या लोकांना शिकवून आली असतीस! युरियाचं पोतं ४५ किलोचं, त्यात नायट्रोजन ४६ टक्के, म्हणजे वीस किलोंहून थोडा जास्त. २०२१ मध्ये जो सरकारमान्य नॅनो युरिया आला, त्याची बाटली अर्ध्या लिटरची आणि नायट्रोजन ४ टक्के, म्हणजे वीस ग्रॅम. सातवीतली शेकडेवारी. कण बारीक, पानातून थेट आत जातात, म्हणून एक बाटली एका पोत्याचं काम करते, असं बनवणाऱ्यांचं म्हणणं. पण पंजाब कृषी विद्यापीठाने नेहमीचं खत कमी करून ही फवारणी केली, तर गहू आणि भात दोन्हींचं उत्पन्न घटलं. आता जास्त टक्केवारीच्याही बाटल्या निघाल्या आहेत; हिशेब तोच मांडायचा. कोणाची बाजू घे असं मी म्हणत नाही. एवढं सांगून यायचं होतं की बाबांनो, किती टक्के ते विचारा, आणि बागेतल्या दोन ओळी जुन्या खतावर ठेवून बघा. त्याने एकही ओळ ठेवली नाही.

परत गेलीस का त्या गावात?

तुझे प्रयोग त्याने हातवारे करून सांगितले. काचेत लाल पाणी, "हे सोनं आहे," आणि टाळ्या. सुंदर आहेच ते. पण त्यात चिमूटभर मीठ टाकून दाखवलंस का? कण एकमेकांना चिकटतात, लाल रंग जाऊन जांभळट-निळा येतो. सोनं तेच, फक्त गोळे मोठे झाले. मग पोरांच्या डोक्यात आपसूक येतं की रंग कणाच्या मापावर आहे, मॅडमच्या हातात नाही. जादूगार स्वतःचा खेळ कधी बिघडवत नाही. तू बिघडव, सगळ्यांसमोर.

आणि ते न भिजणारं महागाचं कापड कशाला नेतेस? न्हाणीमागे अळू माजलेलं असतं की दर घरी. पानावर मेणाचे डोळ्यांना न दिसणारे उंचवटे, त्यांच्यात हवा अडकलेली, म्हणून थेंब टेकतच नाही. जर्मनीच्या बार्थलॉट आणि नाइनह्युइस यांनी १९९७ मध्ये कमळाच्या पानाचं हेच गुपित उलगडलं. मुलांना पान अंगठ्याने चोळू दे, साबणाच्या पाण्यात बुडवू दे. थेंब पसरला की कोणीतरी "का?" म्हणेलच. तुझ्या त्या कापडाला कोणी हात लावला होता का? त्याने सांगितलं, "मॅडमनी लांबूनच दाखवलं."

नोव्हेंबर २०१६ आठवतो? दोन हजारांच्या नोटेत नॅनो चिप आहे, जमिनीत पुरली तरी उपग्रहाला दिसते, म्हणून टीव्हीवर चाललं होतं. आमची अख्खी स्टाफरूम, त्यात बी.एस्सी. झालेले चौघे, माना डोलावत होती. सातवीतल्या एका पोराने मला व्हरांड्यात गाठलं: "बाई, त्या चिपला सेल कुठं असतो?" बस. एवढ्या प्रश्नात ती अफवा मेली. असं एक पोर प्रत्येक शाळेत असतं, त्याच्यासाठी वेळ ठेवावा लागतो. तूच मला सांगितलं होतंस, अमेरिकेत २००५ पासून विज्ञान संग्रहालयांनी जाळं उभारलं, नॅनोडेज भरवले, आणि त्यांच्या सामानात हे तंत्रज्ञान कोणाला हवं, धोका काय, यावर वाद घालायचे खेळसुद्धा होते. तुमच्या संस्थेच्या पेटीतून ते कोणी काढले?

पुरे. लिहिता लिहिता राग उतरला.

तुला एक कधी सांगितलं नाही. १९८६ मध्ये बिनिग आणि रोरर यांना नोबेल मिळालं, तेव्हा पेपरात आतल्या पानावर छोटी बातमी होती: एकेक अणू दाखवणारं यंत्र, त्याची सुई पृष्ठभागाला टेकतच नाही. न टेकता दिसतं कसं? मी विलिंग्डनची फिजिक्सची पदवीधर. कोल्हापूरला एम.एस्सी.ला जायचं ठरलं होतं, पण आप्पा अंथरुणाला खिळले, दादाचं शिक्षण व्हायचं होतं, आणि घरात एक पगार हवा होता. त्याचं दुःख नाही, शाळेने मला भरपूर दिलं. चुटपुट लागली ती वेगळीच. विद्यापीठातल्या कोणा प्राध्यापकांना पंधरा पैशांचं कार्ड टाकून विचारायचं होतं. मजकूर मनात तयार होता. खेड्यातली मास्तरीण, हसतील, म्हणून टाकलं नाही. कात्रण मात्र ठेवलं.

तुझ्या लाल सोन्यावर १८५७ मध्ये ज्याने व्याख्यान दिलं तो फॅरेडे बुकबाइंडरकडे उमेदवारी करायचा. एका गिऱ्हाइकाने डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली, तर पठ्ठ्याने टिपणं काढली, स्वतः बांधली आणि डेव्हीलाच पाठवून दिली. त्याचं हे धाडस मला फार आवडतं. त्याच्या सोन्यापेक्षाही.

आणि मग तू एम.एस्सी.ला असताना मला विद्यापीठात नेलंस. कागदावर सुई काढलीस, म्हणालीस, "आत्या, मधल्या फटीतून इलेक्ट्रॉन पलीकडे जातात. अंतर एवढंसं वाढलं की प्रवाह धाडकन पडतो, त्यावरून उंचसखल कळतं." मी तीनदा विचारलं, तू तिन्ही वेळा न कंटाळता सांगितलंस. येताना एसटीत मी रडले. तुला वाटलं, बस लागली.

तेव्हा जशी बसली होतीस माझ्याजवळ, तशी बस त्या गावातल्या लोकांजवळ. संस्थेला शाळांचा आकडा आणि बॅनरसकट फोटो हवे असतात, ते मला कळतं. तुझा पगार त्यावरच आहे. त्यांना म्हणावं, हे गाव पुन्हा मोजू नका, मी रजा टाकून जाते. खर्चाचं माझ्याकडे माग, दादाला सांगू नकोस. अंगाने वाळली आहेस असं वहिनी म्हणत होती. आधी दोन दिवस इथे ये, भाकरी-पिठलं खा, झोप काढ.

मग दोघी मिळून जाऊ. अळूची पानं मी आणते, परसात ढीग आहेत. तू बाटली समोर ठेवून टक्केवारी मांड. मी मागच्या बाकावर बायकांमध्ये बसेन, आणि कोणीच तोंड उघडलं नाही तर पहिला बावळट प्रश्न मी विचारीन. मला येतात तसले पुष्कळ.

तुझी,
आत्या