कापसाची साखळी आणि खरेदीदाराची जबाबदारी

सातपुड्याचा दक्षिण उतार जेथे नागपूरच्या मैदानाकडे झुकतो, त्या भागात सौंसर व पांढुर्णा हे तालुके वसले आहेत. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात मोडणारे हे तालुके ऑक्टोबर २०२३ मध्ये अस्तित्वात आलेल्या पांढुर्णा जिल्ह्यात समाविष्ट झाले. येथे मराठी भाषा घरोघरी बोलली जाते. काळ्या जमिनीत कापूस आणि विहिरीच्या पाण्यावर संत्रा ही येथील प्रमुख नगदी पिके होत. सौंसर तालुक्यातील बोरगाव येथे औद्योगिक क्षेत्र असून तेथे वस्त्रोद्योगही आहे. शेती व कारखाना इतक्या जवळ नांदत असलेल्या या प्रदेशात एका प्रश्नाचा विचार होणे अगत्याचे आहे. मोठी कंपनी ज्यांच्याकडून माल घेते, त्यांच्या शेतातील माती, पाणी आणि मजूर यांच्या स्थितीशी त्या कंपनीचा काही संबंध आहे किंवा नाही?

काही वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर "नाही" असेच दिले जात असे. माल पसंत पडला, पैसे चुकते केले, संबंध संपला, असा व्यवहार होता. आता ही समजूत बदलत आहे. जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून मोठ्या कंपन्यांना आपल्या पुरवठादारांकडील मानवी हक्कांची दखल घेण्याचे कायदेशीर बंधन घालण्यात आले. भारतात सेबीने शेअर बाजारातील पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ या वर्षापासून पर्यावरणविषयक व सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. त्या अहवालात पुरवठादारांसंबंधीही प्रश्न विचारलेले असतात. या प्रश्नांची उत्तरे शेवटी गावापर्यंत येऊन पोहोचतात. म्हणून गावानेही हा विषय समजून घेतला पाहिजे.

साखळीच्या पायऱ्या

कापड तयार करणारी कंपनी सहसा शेतकऱ्याकडून कापूस घेत नाही. ती सूतगिरणीकडून सूत घेते. सूतगिरणी जिनिंग-प्रेसिंग कारखान्याकडून रुईच्या गाठी घेते. जिनिंगवाला मंडीतून, अडत्यामार्फत किंवा गावातील खेडा खरेदीदाराकडून कापूस घेतो. शेतकरी बियाणे व औषधे कृषी सेवा केंद्रातून, पुष्कळदा उधारीवर, आणतो. वेचणी करणाऱ्या स्त्रिया या साखळीच्या शेवटच्या टोकाला असतात. कंपनीच्या कागदपत्रांत पहिल्या पायरीवरील पुरवठादाराचे नाव असते. तिसऱ्या-चौथ्या पायरीवरील माणसाचे नाव कोठेच नसते.

एका साध्या हिशोबाने हे अधिक स्पष्ट होईल. भारतात रुईची गाठ १७० किलोची असते. एक क्विंटल कापसातून साधारणपणे ३४ किलो रुई निघते व उरलेला बहुतेक भाग सरकीचा असतो. म्हणजे एका गाठीसाठी सुमारे ५ क्विंटल कापूस लागतो. एका स्त्रीने दिवसाला ४० किलो कापूस वेचला असे धरल्यास एका गाठीमागे १२ ते १३ दिवसांची मजुरी उभी असते. गाठीवर जिनिंगचे चिन्ह असते, क्रमांक असतो. या १२-१३ दिवसांची मात्र कोठेही नोंद नसते. ज्याची नोंद नाही, त्याची सुधारणा करणे कठीण असते.

तपासणीच्या मर्यादा

पुरवठादाराला सुधारण्याचा सर्वात प्रचलित मार्ग म्हणजे आचारसंहिता देणे आणि तपासनीस पाठविणे. हा मार्ग आवश्यक आहे, परंतु पुरेसा नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये कराची येथील एका कपड्याच्या कारखान्यास आग लागून २५० हून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. त्या कारखान्यास आगीच्या काही आठवडे आधीच चांगल्या कामकाजाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालेले होते. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळील राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक लोक प्राणास मुकले. भिंतींना पडलेले तडे आदल्या दिवशीच सर्वांनी पाहिले होते. तरीही मालाची मुदत गाठण्यासाठी कामगारांना आत पाठविण्यात आले.

यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. तपासनीस एक दिवस येतो, कामगार तेथे रोज असतो. धोका प्रथम कामगारालाच दिसतो. त्याला निर्भयपणे बोलता येईल अशी सोय नसेल, तर कागदावरील गुण व्यर्थ ठरतात. तसेच खरेदीदार एकीकडे नियम वाढवितो आणि दुसरीकडे दर व मुदत कमी करतो, तेव्हा नियम मोडण्याचे कारण तो स्वतःच निर्माण करीत असतो.

शेतातील धोका

कापसाच्या बाबतीत सर्वात मोठा धोका फवारणीचा आहे. २००२ साली भारतात बी.टी. कापसास मान्यता मिळाली व प्रारंभी बोंडअळीवरील फवारण्या कमी झाल्या. पुढे गुलाबी बोंडअळीने या वाणास दाद देणे सोडले आणि रसशोषक किडींचाही उपद्रव वाढला. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, हवा कोंदट, अंगावर संरक्षक कपडे नाहीत आणि दोन-तीन औषधे एकत्र मिसळलेली, अशा परिस्थितीत ही हानी झाली. यवतमाळची आणि सौंसरची शेती एकाच पद्धतीची आहे. म्हणून हा इशारा येथेही लागू पडतो.

औषधाच्या डब्यावरील रंगीत चौकोन प्रत्येकाने ओळखला पाहिजे. लाल रंग अत्यंत विषारी, पिवळा तीव्र विषारी, निळा मध्यम विषारी आणि हिरवा कमी विषारी, असा त्याचा अर्थ आहे. फवारणी वाऱ्याच्या दिशेने व सकाळी किंवा सायंकाळी करावी, दोन औषधे सल्ल्याशिवाय मिसळू नयेत, रिकामे डबे पाण्यासाठी वापरू नयेत, आणि विषबाधेची शंका येताच डब्यासह रुग्णास दवाखान्यात न्यावे. कामगंध सापळे लावून पतंगांची संख्या मोजली आणि हंगाम संपताच पऱ्हाट्या शेतातून काढल्या, तर गुलाबी बोंडअळीसाठी कराव्या लागणाऱ्या फवारण्या कमी होतात.

मजूर आणि कारखाना

वेचणीची मजुरी किलोवर ठरते. त्यामुळे पाणी पिण्यास, सावलीत बसण्यास घालविलेला वेळ मजुरीतून वजा होतो आणि आईबरोबर मूलही वेचणीस लागते. १४ वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्यास कायद्याने मनाई आहे. शाळेनंतर घरच्या कामात मदत करण्यास मुभा असली, तरी दुसऱ्याच्या शेतात मजुरीने जाणे हे त्यात बसत नाही. वेचणीच्या दिवसांत शाळेतील हजेरीपट हा यासंबंधीचा सर्वात प्रामाणिक अहवाल असतो.

जिनिंगमध्ये कापसाची धूळ हा मुख्य प्रश्न होय. ती वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेल्याने बिसिनोसिस नावाचा फुप्फुसाचा विकार जडतो. सुटीनंतर कामावर येण्याच्या पहिल्या दिवशी छाती भरून येणे हे त्याचे पूर्वलक्षण मानले जाते. धूळ ओढून घेणारी यंत्रे, मुखपट्टी व नियमित वैद्यकीय तपासणी हे त्यावरील उपाय होत. धूळ कमी झाली तर रुईही स्वच्छ निघते. म्हणजे या ठिकाणी कामगाराचे हित व मालाची प्रत एकाच दिशेने जातात.

निमाडमधील अनुभव

मध्य प्रदेशातच या विषयाचे एक उपयुक्त उदाहरण आहे. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत खरगोन जिल्ह्यात मैकाल सूतगिरणी आणि सूत विकत घेणारी रेमई ही स्विस कंपनी यांनी शेतकऱ्यांबरोबर सेंद्रिय कापसाचे काम सुरू केले. ते पुढे बायोरे या नावाने कसरावद येथून चालू राहिले. या योजनेत केवळ नियमांची यादी दिली गेली नाही. शेतकऱ्यास मार्गदर्शन, माल घेण्याची हमी आणि बाजारभावापेक्षा अधिक मूल्य या तिन्ही गोष्टी बरोबर दिल्या गेल्या.

तरीही अडचणी होत्याच. सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी वार्षिक पिकांना किमान २ वर्षांचा संक्रमणकाळ लागतो. या काळात उत्पन्न घटण्याची शक्यता असते आणि माल मात्र सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. हा तोटा कोणी सोसावयाचा, हाच खरा प्रश्न आहे. तो एकट्या शेतकऱ्यावर टाकला, तर अल्पभूधारक मध्येच योजना सोडतो. खरेदीदाराने त्यात वाटा उचलला तर तो टिकतो. शेजारच्या शेतातील बी.टी. वाणाची भेसळ टाळण्यासाठी बियाण्याची स्वतंत्र व्यवस्थाही करावी लागते.

खरेदीदाराची कर्तव्ये

वरील विवेचनावरून कंपनीची काही कर्तव्ये निश्चित करता येतात. पहिले, आपला कापूस कोणत्या जिनिंगमधून व कोणत्या गावांतून येतो याची नोंद ठेवणे. दुसरे, खरेदीचा करार एका हंगामाऐवजी अनेक हंगामांचा करणे; कारण ज्याला पुढच्या वर्षीच्या गिऱ्हाइकाची खात्री नाही, तो धूळ ओढणाऱ्या यंत्रावर पैसा घालणार नाही. तिसरे, पैसे वेळेवर देणे. लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने घातलेले आहे. जिनिंगवाल्याचे पैसे अडकले की शेतकऱ्याचे अडकतात आणि शेतकऱ्याचे अडकले की वेचणारीची मजुरी थकते. चौथे, सुधारणेच्या खर्चात वाटा उचलणे. पाचवे, चूक आढळताच पुरवठादारास एकदम तोडून न टाकता मुदत व साहाय्य देणे. एकदम तोडल्यास दोष लपविण्याची सवय लागते आणि काम गेल्याचा फटका मजुरासच बसतो.

गावाचे काम

शेतकरी उत्पादक कंपनी किंवा गट असल्यास बोलणी एकत्र करता येतात व प्रशिक्षणही स्वस्त पडते. फवारणी, खत, पाणी व मजुरी यांची वही प्रत्येक शेतकऱ्याने ठेवावी. पुढे कोणतेही प्रमाणपत्र घ्यावयाचे झाल्यास हीच वही आधारभूत ठरते, आणि न घेतल्यासही खर्चाचा हिशोब कळतो. ग्रामपंचायतीने औषधाच्या रिकाम्या डब्यांसाठी सुरक्षित जागा ठरवावी. कृषी खात्याच्या कर्मचाऱ्यांनी हंगामापूर्वी फवारणी करणाऱ्या मजुरांची, केवळ मालकांची नव्हे, बैठक घ्यावी. शिक्षकांनी मुलांना रंगीत चौकोनाचा अर्थ शिकवावा आणि वेचणीच्या महिन्यांत गैरहजर राहणाऱ्या मुलांच्या घरी जावे.

कोणताही करार पुढे आला असता गावकऱ्यांनी तीन प्रश्न विचारावेत: नियम पाळण्याचा खर्च कोण देणार, माल किती वर्षे घेणार, आणि तक्रार करावयाची झाल्यास ती कोणाकडे करावयाची? या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाली, तर ती योजना शेतकऱ्याच्या व मजुराच्या कामाची आहे असे समजावे. उत्तरे मिळत नसतील, तर सही करण्यापूर्वी आणखी विचार करणे इष्ट ठरेल.