नदीच्या पाण्याच्या जुन्या नोंदी : संकलन आणि जतन

नदीचे पाणी पूर्वी कसे होते, हा प्रश्न गावात निघाला की उत्तर वडीलधाऱ्यांच्या आठवणीतून मिळते. डोहाचा तळ दिसत असे, घागर भरून आणलेले पाणी तसेच पिण्यात येई, असे सांगितले जाते. या आठवणी मोलाच्या आहेत. परंतु सांडपाणी शुद्धीकरण केंद्राची क्षमता ठरविताना किंवा प्रदूषणाचा प्रश्न न्यायालयापुढे गेला असता केवळ आठवणीवर भागत नाही. तेथे आकडे लागतात. असे आकडे पुष्कळदा अस्तित्वात असतात, मात्र ते अभिलेख कक्षातील रुमालात बांधलेले असतात आणि त्यांचा अर्थ जाणणारा कर्मचारी केव्हाच निवृत्त झालेला असतो.

महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा १९६९ मध्ये केला आणि त्यानुसार ७ सप्टेंबर १९७० रोजी मंडळ स्थापन झाले. केंद्राचा १९७४ चा कायदा राज्याने १९८१ मध्ये स्वीकारला. पुढे १९९५ मध्ये सुरू झालेल्या जलविज्ञान प्रकल्पामुळे पाण्याचे प्रमाण आणि गुणवत्ता यांच्या नोंदी संगणकावर ठेवण्यास चालना मिळाली. तथापि नदीचा इतिहास या कार्यालयांपासूनच सुरू होतो असे नाही. नदीतून पाणी उचलणाऱ्या नगरपालिकांच्या जलशुद्धीकरण केंद्रांत रोजच्या नोंदवह्या ठेवल्या जातात. त्यांत कच्च्या पाण्याचा गढूळपणा, तुरटीची मात्रा व क्लोरीनचे प्रमाण लिहिलेले असते. पाण्यात अमोनिया व सेंद्रिय द्रव्ये वाढली म्हणजे तेवढाच शेष क्लोरीन राखण्यासाठी अधिक क्लोरीन घालावा लागतो. म्हणून क्लोरीनचा खर्च लिहून ठेवणारा कर्मचारी नकळत नदीचीही नोंद करीत असतो.

अशा नोंदींचे मोल किती असू शकते, हे लंडनला पाणी पुरविणाऱ्या थेम्स नदीवरून दिसते. तेथील नायट्रेटची नोंद १८६८ पासून उपलब्ध आहे. ती सलग जुळविल्यावर असे आढळले की, दुसऱ्या महायुद्धात धान्यासाठी गवताळ कुरणे नांगरली गेली तेव्हा नदीतील नायट्रेट वाढले आणि १९७० च्या सुमारास त्यात पुन्हा मोठी वाढ झाली. तेथील खडूच्या खडकातून पाणी इतके सावकाश झिरपते की, शेतात केलेल्या बदलाचा परिणाम नदीत उतरण्यास कित्येक दशके लागू शकतात. हा उलगडा पाच-दहा वर्षांच्या आकड्यांवरून झाला नसता.

परंतु जुना आकडा मिळाला म्हणजे काम संपले असे नाही. पाण्यातील सेंद्रिय प्रदूषण मोजणाऱ्या बीओडी या चाचणीचे उदाहरण घ्यावे. पूर्वी नमुना २० अंश सेल्सिअस तापमानात ५ दिवस ठेवण्याची पद्धत होती. ५ दिवसांच्या मुदतीमागे ब्रिटनमधील नद्यांचे पाणी साधारण तेवढ्या काळात समुद्राला मिळते, असा विचार होता, असे सांगतात. भीमा-गोदावरीला तो लागू पडण्याचे काहीच कारण नव्हते. १९९३ च्या भारतीय मानकात २७ अंशावर ३ दिवस ही आपल्या हवामानास सोयीची पद्धत आली. दोन्ही पद्धतींचे निष्कर्ष जवळपास येतात, पण ते एकच नव्हेत. नोंदवहीत पद्धत लिहिलेली नसेल, तर आकड्यात पडलेला फरक नदीत घडला की प्रयोगशाळेत, हे पुढे कोणालाही सांगता येणार नाही.

नायट्रेटच्या बाबतीत घोटाळा याहून मोठा होऊ शकतो. काही ठिकाणी ते नत्राच्या रूपात, तर काही ठिकाणी नायट्रेटच्याच रूपात मांडले जाते. पहिल्या रीतीने १० मिलिग्रॅम म्हणजे दुसऱ्या रीतीने ४४ मिलिग्रॅमहून अधिक. जंतुपरीक्षेत ‘१६०० पेक्षा अधिक’ असे लिहिलेले नक्कल करताना ‘१६००’ होते आणि अत्यंत दूषित पाणी कागदावर मोजक्या दोषाचे ठरते. रिकामी जागा, शून्य आणि ‘आढळले नाही’ या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत; नकलेत मात्र तिन्ही ठिकाणी शून्य पडण्याचा धोका असतो.

वेळ आणि जागा यांचेही तसेच आहे. शेवाळ माजलेल्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू दुपारी भरपूर, तर पहाटे अत्यल्प असू शकतो. ‘संगम, पुणे’ एवढ्याच उल्लेखावरून नमुना मुळा नदी मिळण्यापूर्वीच्या मुठेचा की मिळाल्यानंतरचा, हे कळत नाही. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाल्यावर भीमेचा मोठा पट्टा जलाशय बनला. त्यामुळे तेथील आधीचे व नंतरचे आकडे एका रांगेत मांडले तरी ते एकाच प्रकारच्या पाण्याचे नाहीत. त्या दिवशीचा विसर्ग ठाऊक नसेल, तर प्रदूषण वाढले की केवळ पाणी आटले, हाही निर्णय करता येत नाही.

म्हणून नक्कल करणाऱ्याने मूळ आकडा जसाच्या तसा उतरवावा. एकक बदलावयाचे असल्यास शेजारी स्वतंत्र रकाना करावा. विसंगत वाटणारा आकडा खोडू नये, शेरा लिहावा. मूळ पानाचे छायाचित्र घ्यावे आणि नक्कल झाली म्हणून मूळ वही रद्दीत टाकू नये. शासकीय अभिलेखांच्या वर्गीकरणात ‘अ’ वर्गातील कागद कायम राहतात, ‘ड’ वर्गातील वर्षभराने नष्ट करता येतात. पाणी तपासणीच्या वह्या नित्याच्या कामाचे कागद समजून खालच्या वर्गात टाकल्या गेल्या, तर त्या नियमानुसारच नाहीशा होतील आणि त्याबद्दल कोणाला दोषही देता येणार नाही. कार्यालय नव्या इमारतीत हलविण्याच्या वेळी अधिकाऱ्यांनी या वह्यांचे वर्गीकरण स्वतः पाहणे अगत्याचे आहे.

ग्रामपंचायतींत जलसुरक्षक पाण्यातील शेष क्लोरीनची नोंद ठेवतो. त्या वहीत ठिकाण, वेळ व तपासणीची पद्धत यांसाठी तीन रकाने वाढविण्यास खर्च येत नाही. नदीकाठच्या शाळेतील शिक्षकांना विद्यार्थ्यांकडून जुन्या वह्यांची सूची करवून घेता येईल : कोणत्या वर्षाची वही कोठे आहे, कोणते महिने गहाळ आहेत, शाई कितपत पुसट झाली आहे. आणि पुरामुळे घाटावर उतरता आले नाही, त्या तारखेसमोर नुसती आडवी रेघ न मारता ‘पूर, नमुना घेतला नाही’ एवढे शब्द लिहावेत.