आधी धान्य, मग तक्रार, मग दुकानबदल

रेशन दुकानदाराशी वाजलं की घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘आपलं कार्डच दुसऱ्या दुकानात टाकून घेऊ.’ राग रास्त असला तरी हा क्रम उलटा आहे. कार्ड हलवायचा अर्ज निकाली निघेपर्यंत त्या महिन्याचं धान्य बुडू शकतं. शिवाय दुकानदाराविरुद्धचा पुरावा जुन्याच दुकानात मिळतो; तिथून निघालात की तो गोळा करता येत नाही. म्हणून आधी धान्य पदरात पाडा, मग तक्रार नोंदवा आणि शेवटी दुकान बदला. खालची कृती महाराष्ट्रातल्या कार्डधारकांसाठी आहे.

हाताशी काय हवं

मूळ शिधापत्रिका, १२ अंकी ऑनलाइन कार्ड क्रमांक, कार्डावरच्या सगळ्यांचे आधार, आधारशी जोडलेला मोबाइल आणि मिळाल्या तेवढ्या पॉस मशीनच्या (दुकानात अंगठा लावतो त्या यंत्राच्या) पावत्या. दुकान बदलायचं तर सध्याच्या पत्त्याचा पुरावाही लागेल : वीजबिल, भाडेकरार असं काहीतरी. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात १८ वर्षांवरची घरातली सर्वांत मोठी स्त्री ही कुटुंबप्रमुख धरली आहे, तेव्हा अर्जावर सही शक्यतो तिचीच असू द्या.

१. आपला हक्क किती, ते ठरवा

तक्रार सर्वांत जास्त इथेच फसते. अंत्योदय कार्डाला माणसं कितीही असोत, महिन्याला ३५ किलो धान्य. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. चार युनिटचं, म्हणजे चार माणसांचं, कार्ड असेल तर २० किलो. त्यात गहू किती आणि तांदूळ किती हे त्या महिन्याच्या नियतनावर, म्हणजे मंजूर कोट्यावर, ठरतं, पण बेरीज तीच राहते. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे. त्यावर हमाली, गाडीभाडं, ‘मशीनचा खर्च’ अशा नावांनी काही मागितलं तर ते बेकायदेशीर आहे. धान्य हवं तर साबण किंवा चहापत्तीही घ्या, ही सक्तीही तशीच.

केशरी कार्ड आहे म्हणजे धान्य मिळणारच, असं नाही. प्राधान्य गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० रुपये आहे, आणि राज्याचा इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची कमाल संख्याही ठरलेली आहे. नाव प्राधान्य यादीत नसेल तर दोष दुकानदाराचा नाही. अर्ज यादीत नाव घालण्यासाठी करायला हवा. पांढऱ्या कार्डावर हे धान्य मिळत नाही. छत्रपती संभाजीनगर आणि अमरावती विभाग आणि वर्धा मिळून १४ जिल्ह्यांतल्या, या यादीत नसलेल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना धान्याऐवजी खात्यात पैसे जमा होतात.

‘मेरा राशन’ अ‍ॅपवर कार्ड कोणत्या योजनेत आहे, युनिट किती आणि कोणाचं ई-केवायसी राहिलंय, हे दिसतं. घरात चार माणसं असून यादीत तीनच असतील, तर तुटलेलं ५ किलो दुकानदाराने खाल्लेलं नसून नावच कापलं गेलेलं असू शकतं.

२. दुकानातच पुरावा जमवा

पॉस मशीनवर थंब लावला की सरकारच्या दृष्टीने तुम्ही धान्य उचललं. म्हणून ‘थंब आज लावा, माल परवा न्या’ याला साफ नकार द्या. थंब, पावती आणि माल एकाच वेळी व्हायला हवं. पावती मागा, मशीनचा कागदाचा रोल संपला असेल तर पडद्याचा फोटो घ्या. पावतीवरचा आकडा आणि काट्यावरचा आकडा दुकानातच ताडून बघा. वजनकाट्यावर वैधमापन खात्याचं चालू मुद्रांकन असायला हवं. ‘वरूनच गोणी कमी येते’ हे उत्तर हमखास मिळेल. गोणी कमी आली असेल तर ते भांडण दुकानदाराने गोदामाशी करायचं असतं, तुमच्या पिशवीतून भरून काढायचं नसतं.

भिंतीही वाचून घ्या. दुकानाची वेळ, त्या महिन्यात आलेला आणि शिल्लक साठा, योजनेनुसार परिमाण, तक्रारीसाठी अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर हे फलकावर लावणं दुकानदारावर बंधनकारक आहे. फलक नसेल तर रिकाम्या भिंतीचा फोटो हाही पुरावाच. कार्ड दुकानात ठेवून घेण्याचा अधिकार त्याला नाही.

बोटांचे ठसे झिजलेल्या आजी-आजोबांना मशीन ओळखत नाही, म्हणून परत पाठवलं जातं. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागवून किंवा सोय असेल तिथे डोळ्यांच्या स्कॅनवर काम होऊ शकतं. केवळ आधारची ओळख पटली नाही म्हणून खऱ्या लाभार्थ्याचं धान्य अडवू नये, असं केंद्राने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलेलं आहे.

३. या महिन्याचं धान्य दुसरीकडून घ्या

पॉस आल्यापासून कार्डधारक एका दुकानाला बांधलेला राहिलेला नाही. कार्ड ऑनलाइन असेल आणि आधार जोडलेले असतील, तर राज्यातल्या दुसऱ्या कोणत्याही रेशन दुकानात कार्ड क्रमांक सांगून, थंब लावून धान्य घेता येतं. त्यासाठी अर्ज लागत नाही. फक्त महिन्याच्या सुरुवातीला जा. दुकानात साठा तिथल्या कार्डांच्या हिशेबाने येतो, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात बाहेरच्याला ‘माल संपला’ हे उत्तर मिळतं आणि ते खरंही असू शकतं.

परराज्यातही हीच सोय आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये ‘एक देश एक रेशन कार्ड’ची सुरुवात झाली, तेव्हा महाराष्ट्र आणि गुजरात ही पहिल्या जोड्यांपैकी एक होती. ऊसतोडीला कर्नाटकात गेलेलं जोडपं आपल्या वाट्याचं धान्य तिकडे घेऊ शकतं आणि गावी राहिलेली म्हातारी उरलेलं इथे. मात्र साखरेसारख्या इतर जिनसा बाहेर मिळत नाहीत.

एक अडचण लक्षात असू द्या : जुन्या दुकानात थंब लागून धान्य उचलल्याची नोंद झाली असेल, तर ते दुसरीकडे मिळणार नाही. अशा वेळी थेट पुढच्या पायरीवर या.

४. लेखी तक्रार द्या

१९६७ किंवा १८००-२२-४९५० या टोल-फ्री क्रमांकांवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्या. पण तेवढ्यावर थांबू नका. फोनवरच्या तक्रारीला कागदाचा आधार हवा. अर्ज तालुक्यात तहसीलदारांच्या पुरवठा शाखेत, मुंबईत आपल्या भागाच्या शिधावाटप कार्यालयात, पुणे-नागपूर शहरांत परिमंडळ कार्यालयात द्या. दुकानदाराच्या स्वभावाचं वर्णन नको. तारीख, आकडे आणि मागणी पुरे. उदाहरणार्थ :

*विषय : रास्त भाव दुकान क्रमांक … येथे धान्य कमी दिल्याबाबत.*
*माझी शिधापत्रिका क्रमांक … प्राधान्य कुटुंब योजनेची असून तीवर ४ सदस्य आहेत. दि. … रोजी पावतीवर २० किलो दाखवून प्रत्यक्षात १७ किलो धान्य देण्यात आले. पावतीची प्रत व वजनाचा फोटो सोबत जोडला आहे. उरलेले ३ किलो धान्य मिळावे, दुकानाची तपासणी व्हावी आणि केलेल्या कारवाईची मला लेखी माहिती द्यावी, ही विनंती.*

दोन प्रती काढा. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती जपून ठेवा. शिक्का नसेल तर पुढे ‘अर्ज आलाच नाही’ असं ऐकायला मिळतं. गावात दुकानदाराचं वजन मोठं असेल तर एकट्याने जाऊ नका. त्याच दुकानाच्या दहा-बारा कार्डधारकांनी आपापल्या पावत्या जोडून एकत्र अर्ज दिला, तर ‘याचं माझं जुनं भांडण आहे’ ही पळवाट बंद होते. निरीक्षक चौकशीला आल्यावर जबाब नीट वाचून, मगच सही करा.

धान्य रात्री टेम्पोत भरून बाहेर जाताना दिसलं तर गाडी स्वतः अडवू नका. गाडीचा क्रमांक टिपा आणि ११२ वर पोलिसांना आणि तहसीलदारांना कळवा. रेशनचा काळाबाजार हा जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचा गुन्हा आहे.

५. उत्तर आलं नाही तर वर जा

तहसीलच्या वर जिल्हा पुरवठा अधिकारी. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम १५ नुसार प्रत्येक जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी असतो. तो कोण, ते जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा आणि पोच असलेली प्रत जोडून त्याच्याकडे अर्ज करा. त्याच्या निर्णयाने समाधान झालं नाही तर राज्य अन्न आयोगाकडे अपील करता येतं. तक्रार निवारण अधिकाऱ्याने सुचवलेला दिलासा सरकारी सेवकाने सबळ कारण नसताना दिला नाही, तर आयोग ५,००० रुपयांपर्यंत दंड करू शकतो. हक्काचं धान्य मिळालंच नसेल तर कलम ८ प्रमाणे अन्न सुरक्षा भत्ताही अर्जात मागा.

आकडे दडवले जात असतील तर माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज टाका : अमुक दुकानाची गेल्या सहा महिन्यांची आवक, वाटप आणि शिल्लक. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. रेशन वाटपावर देखरेख ठेवणाऱ्या गावच्या दक्षता समितीत कोण आहे आणि तिची शेवटची बैठक कधी झाली, हेही त्यात विचारा.

६. आता दुकान बदला

दुसरीकडे धान्य नीट मिळतंय याची खात्री झाली की कायमच्या बदलाचा अर्ज करा. त्याच तालुक्यात किंवा त्याच शिधावाटप कार्यालयाच्या हद्दीत जायचं असेल तर काम सोपं आहे : जुना आणि नवा दुकान क्रमांक, कारण आणि पत्त्याचा पुरावा. अर्जात कारण म्हणून ‘घरापासून जवळ’ एवढंच लिहिलं तरी चालतं. तक्रारीचा मजकूर त्यात मिसळू नका, नाहीतर चौकशी होईपर्यंत बदलही अडकून पडेल.

दुसऱ्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात जायचं असेल तर कार्ड जुन्या कार्यालयाकडून नव्याकडे वर्ग व्हावं लागतं. इथे घाईने नाव कमी करून घेऊ नका. नव्या ठिकाणी प्राधान्य यादीत आपण कायम राहणार ना, हे आधी विचारून घ्या. इष्टांक भरलेला असेल तर एकदा सुटलेली जागा पुन्हा मिळायला वेळ लागतो. जाणं कामापुरतं, सहा-आठ महिन्यांचं असेल तर कार्ड हलवूच नका. तिसऱ्या पायरीतली सोय पुरते.

बदल झाल्यावर पुढच्या महिन्यात ऑनलाइन नोंदीत नवा दुकान क्रमांक आणि सगळी युनिटं बघून घ्या.

नवं दुकान मिळालं की तक्रार मागे घे म्हणून निरोप येतील, कधी ओळखीच्या माणसाकरवीही. घेऊ नका. तुम्हाला चालत जाण्याच्या अंतरावर दुसरं दुकान होतं. ज्यांना नाही, त्यांचं माप अजून त्याच काट्यावर पडतंय, आणि त्या दुकानाची तपासणी तुमच्या अर्जावर व्हायची आहे.