एका कपाटाचे दहा वाटे

घराच्या स्वच्छतेविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले व लिहिले जाते. मोरी, पाण्याचे हंडे, चुलीजवळची जागा यांबद्दल महिला मंडळांतून व्याख्यानेही होतात. परंतु ज्या कपाटाचे दार आपण दिवसातून वीस वेळा उघडतो, त्या कपाटाचा विचार सहसा कोणी करीत नाही. कारण दार लावले की आतला पसारा दिसत नाही. प्रस्तुत लेखात अशा पसाऱ्याविषयी, आणि तोही अनेक माणसांनी मिळून वापरावयाच्या एकाच कपाटातील पसाऱ्याविषयी, अनुभवाच्या चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. वाचक बंधु-भगिनींना त्या क्षुल्लक वाटल्या तरी त्यांनी शेवटपर्यंत वाचावे, अशी विनंती आहे.

माझा अनुभव वरळीच्या बी. डी. डी. चाळीतला. १९२० नंतरच्या दशकात मुंबईच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यांपैकी १२१ एकट्या वरळीत. खोली १६० चौरस फुटांची. आमच्या खोलीत आम्ही सातजण होतो: मामंजी, सासूबाई, धाकटे दीर, नणंद, आम्ही उभयता आणि आमची मुलगी. निजण्याची, जेवणाची, अभ्यासाची आणि पाहुण्यांची खोली तीच. कपाटही एकच, लोखंडी. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फुटाहून जरा अधिक खोल. खाने पाच.

सात माणसे आणि पाच खाने, हा हिशेब कोणत्याच घरात सरळ सुटत नाही. आमच्याकडे तो असा सुटला होता: सासूबाईंचे दोन खाने, मामंजी व माझे यजमान मिळून एक, दिरांचा एक आणि नणंद व मी मिळून एक. बारा वर्षांच्या मुलीच्या वाट्याला काहीच नव्हते. तिचा शाळेचा गणवेश, वह्या, कंपासपेटी सारे दारामागच्या खुंटीवरील एका पिशवीत कोंबलेले असे. त्या पिशवीबद्दल कोणालाही, मलासुद्धा, कधी काही वाटले नाही. घरात ज्याचा शब्द मोठा त्याचा खाना मोठा, ही रीत कोणी ठरविलेली नसते. ती आपोआप पडते. म्हणूनच कपाट आवरायचे म्हणजे केवळ घड्या नीट घालायच्या असे मी मानीत नाही. आधी कोणाचे काय आणि किती, हे ठरवावे लागते.

ही समज मला सुखासुखी आली नाही. १९९८ साली मार्च महिन्यात, १४ एप्रिलच्या आधी खोलीला रंग काढायचा म्हणून मी एकटीनेच कपाट रिकामे केले. सासूबाई बाजारात गेल्या होत्या. खान्यांत अंथरलेली वर्तमानपत्रे पिवळी पडली होती. ती सगळी गोळा केली, मुलीच्या जुन्या वह्यांबरोबर बांधली आणि खालच्या रद्दीवाल्याकडे घालून आले. सासूबाई परतल्या, त्यांनी तळाचा खाना पाहिला आणि हातातली पिशवी तेथेच टाकून त्या तीन जिने उतरल्या. त्या वर्तमानपत्रांच्या दोन थरांमध्ये मामंजींचा शाळा सोडल्याचा दाखला होता. १९४६ सालचा, सातारा जिल्ह्यातल्या लोकल बोर्डाच्या शाळेचा, इयत्ता चौथी. घडी पडून फाटू नये म्हणून त्यांनी तो सपाट ठेवला होता. गठ्ठा अजून काट्यावरच होता, म्हणून दाखला मिळाला. सासूबाई मला रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "विचारायचं होतंस गं."

त्या कागदाचे मोल तरुण वाचकांनी समजून घ्यावे. अनुसूचित जातींचा आदेश १० ऑगस्ट १९५० रोजी निघाला, आणि जातीचा दावा सिद्ध करताना त्या तारखेपूर्वीच्या पुराव्याला फार वजन असते. आपल्यापैकी बहुतेकांनी १९५६ साली व त्यानंतर धर्मांतर केले. पुढच्या पिढीच्या दाखल्यांवर अनेकदा नुसते 'बौद्ध' असे लिहिले गेले. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्रातही लागू झाल्या. पण मूळ जात दाखविण्यासाठी आजोबा-पणजोबांचा कागद पुढे करावा लागतोच. जात पडताळणीचा राज्याचा कायदा २००१ पासून अमलात आला. २००४ साली आमच्या मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या वेळी पडताळणीच्या प्रकरणाला लावलेला सर्वांत जुना कागद तोच होता, चौथीचा. शाळेच्या जनरल रजिस्टरातून असा उतारा पुन्हा काढता येतो हे खरे. पण शाळा बंद पडली असेल किंवा रजिस्टर वाळवीने खाल्ले असेल तर काय करणार? सरकारचे डिजिलॉकर २०१५ पासून आहे, त्यात अलीकडच्या गुणपत्रिका मिळतात. १९४६ चा दाखला मिळत नाही.

जपानच्या मारी कोंडो या बाईंच्या २०११ सालच्या पुस्तकापासून, जी वस्तू हातात घेतल्यावर आनंद होतो तीच ठेवावी, असा एक विचार जगभर गाजला. विचार वाईट नाही. मात्र ज्याची वस्तू आहे त्याच्यापुरताच तो लागू पडतो. मामंजींचा दाखला हातात घेऊन मला कसलाही आनंद झाला नसता.

रद्दीच्या प्रसंगानंतर आम्ही कपाट नव्याने लावले, ते सर्वांना बसवून. एका वेळी एकच खाना काढायचा, जमिनीवर जुनी चादर पसरून त्यावर ओतायचा, आणि तो लागेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. लहान खोलीत हे पाळावेच लागते. सारे कपाट एकदम उपसले तर संध्याकाळी स्वयंपाकाला पाट मांडायला जागा उरत नाही, आणि मग सगळे जसेच्या तसे परत कोंबले जाते. वस्तू ज्याची, निर्णय त्याचा. मामंजींचा गिरणीतल्या दिवसांचा एक कोट कोणाच्याच उपयोगाचा नव्हता. ते नको म्हणाले, तो राहिला.

खाने पाच, पण प्रत्येकात मधोमध प्लायवूडची पट्टी उभी केली तेव्हा दहा वाटे झाले. त्यातला एक म्हणजे तिजोरी. सात माणसांना सात. एक चादरी-टॉवेलांना, एक समारंभाच्या पांढऱ्या कपड्यांना आणि तिजोरी कागदपत्रांना. रजया व जाड पांघरुणे कॉटखालच्या ट्रंकेत गेली. सासूबाईंना हे सहज पटले नाही. "माझ्या कपाटात मलाच अर्धा खाना?" असे त्या म्हणाल्या, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते, कारण ते कपाट त्यांच्या भिशीच्या पैशांतून आले होते. शेवटी वाटा निवडण्याचा पहिला मान त्यांना दिला आणि तिजोरीची किल्ली त्यांच्याच कमरेला ठेवली, तेव्हा त्या राजी झाल्या. गुडघे दुखत असल्याने त्यांनी कमरेच्या उंचीचा खाना घेतला. दीर उंच, त्यांना वरचा. मुलीला तिच्या हाताला येईल असा.

या शेवटच्या वाट्याविषयी थोडे स्पष्ट लिहिते. वयात येणाऱ्या मुलीला स्वतःची हातभर जागा नसेल तर ती पाळीची कापडे कपाटामागे, ओलसर अंधारात लपवून वाळत घालते. त्यातून खाज व संसर्ग होतो, आणि ती कोणाला सांगतही नाही. कापड साबणाने धुऊन उन्हातच वाळवावे. पॅड असतील तर कोरड्या जागी ठेवावेत. तिच्या वाट्याला तिला विचारल्याशिवाय कोणी हात लावू नये, हा नियम आम्ही केला, आणि तो सर्वांत जास्त वेळा माझ्याच हातून मोडला.

कपड्यांबाबत थोडेसे. पांढऱ्या साड्या व सदरे खळ करून ठेवू नयेत. खळीला कसर लागते आणि घडीवर पिवळे डाग पडतात. नुसते धुऊन, पूर्ण वाळवून ठेवावेत, खळ आदल्या दिवशी करावी. रेशमी साडी धुतलेल्या सुती कापडात गुंडाळावी, तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी, नाहीतर जर घडीवरच तुटतो. डांबरगोळ्या जरीला टेकू देऊ नयेत, आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर मुळीच घालू नयेत. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक दोष असतो; अशा बाळाच्या रक्तपेशी या गोळ्यांच्या वासानेही फुटतात व त्यास कावीळ होते. कडुलिंबाचा वाळलेला पाला पुरतो. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, म्हणून कपाट भिंतीपासून वीतभर पुढे असावे.

कागदांसाठी जाड पुठ्ठ्याची फाईल घ्यावी. जुन्या दाखल्याला लॅमिनेशन करू नये. ते पुन्हा निघत नाही आणि त्यावर शिक्का उमटत नाही. छायाप्रती वेगळ्या ठेवाव्यात, आणि आत काय काय आहे याची यादी दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावी.

निघालेल्या कपड्यांपैकी चांगले कपडे बोहारणीला देऊन आम्ही स्टीलचे एक पातेले घेतले. सासूबाईंनी तिच्याशी अर्धा तास घासाघीस केली, त्यात त्यांचा कपाटाबद्दलचा उरलासुरला राग निघून गेला. मऊ सुती लुगड्यांच्या दोन गोधड्या झाल्या.

आता वरळीच्या चाळींचा पुनर्विकास चालू आहे. २०२५ साली पहिल्या काही कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. अशा घरी गेलेल्या आमच्या एका शेजारणीने परवा सुतार बोलावला. भिंतभर कपाट करायचे होते आणि मोजमाप घरातल्या पुरुषांच्या उंचीने चालले होते. मी तिच्या नातीला भिंतीशी उभे केले, हात वर करायला सांगितला आणि सुताराच्या कानावरची पेन्सिल मागून घेतली.