बियाण्यातील फसवणूक ओळखा



मृग जवळ आला की उटनूर, इंद्रवेल्ली भागात कापसाच्या बियाण्यासाठी धावपळ सुरू होते. फसवणारेही याच दिवसांत फिरतात. म्हणून फसवणूक म्हणजे काय, हे पेरणीपूर्वीच समजून घेऊ.

प्रत्येक नुकसान ही फसवणूक नव्हे. पाऊस लांबून पेरणी वाया गेली, तर ती आपत्ती. दुकानदाराने नजरचुकीने दुसरा पुडा दिला, तर ती चूक. पण खोटे आहे हे ठाऊक असून ते खरे म्हणून सांगणे आणि त्या विश्वासावर पैसा घेऊन दुसऱ्याचे नुकसान करणे, ही फसवणूक होय.

तिचे नेहमीचे प्रकार असे :

१) नकली पुडा. जुने किंवा साधे बी रंगवून नावाजलेल्या कंपनीसारख्या पुड्यात भरतात.

२) चोरटे बियाणे. ‘यावर तणनाशक मारले तरी कापूस मरत नाही’, असे सांगून ते सुटे विकतात. बीटी कापसाला सरकारने 2002 साली परवानगी दिली. परंतु तणनाशक सहन करणाऱ्या कापसाला भारतात लागवडीची परवानगी नाही. हा माल लपून विकला जातो, त्यामुळे पावती मिळत नाही. बी उगवले नाही, तर दाद मागायला पुरावाच उरत नाही.

३) उधारीचा फास. ‘पैसे पीक आल्यावर द्या’, असे म्हणून नको तो माल गळ्यात मारतात. उधार घेणाऱ्याला पावती मागण्याचा संकोच वाटतो, हे त्यांना ठाऊक असते.

४) फोनवरची फसवणूक. सरकारी मदतीचे नाव सांगून ओटीपी विचारतात किंवा लिंक पाठवतात. ओटीपी कोणालाही सांगू नये. पैसे गेल्यास ताबडतोब 1930 या क्रमांकावर कळवावे.

आता उपाय. परवानाधारक दुकानातूनच बी घ्या. पावतीवर वाण, लॉट नंबर व किंमत लिहून घ्या. माल उधार असला तरी पावती हवीच. पुड्यावरील मुदत पाहा. पेरणीपूर्वी 100 बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा व आठवड्याने किती उगवल्या ते मोजा. पुड्यावर लिहिल्यापेक्षा फारच कमी उगवल्या, तर ते बी पेरू नका. रंगीत बियांना औषध लावलेले असते; त्या मुलांपासून व कोंबड्यांपासून दूर ठेवा आणि हात साबणाने धुवा.

रिकामा पुडा व पावती पीक घरात येईपर्यंत जपा. शंका आल्यास पीक शेतात उभे असतानाच कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, म्हणजे पाहणी होऊ शकेल. सदोष बियाण्याबद्दल शेतकरी ग्राहक न्यायालयात भरपाई मागू शकतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली आंध्र प्रदेशातील शेतकऱ्यांच्या खटल्यात दिला. तपासणीसाठी शेतकऱ्याने थोडे बी राखून ठेवले असेलच, अशी अपेक्षा करता येत नाही, हेही न्यायालयाने मान्य केले.

शेवटी एक गोष्ट. फसलेला माणूस लाजेने गप्प बसतो आणि तोच विक्रेता पुढच्या गावात जातो. लाज फसवणाऱ्याला वाटावी, फसलेल्याला नव्हे. आपली फसगत शेजाऱ्याला सांगा; त्याचे तरी एक वर्ष वाचेल.