द्राक्षबागेतली स्मार्ट शेती आणि आपलं गणित



परिसर अभ्यासात शेतीचा विषय आला की आपण नांगर, बैल, ट्रॅक्टर यांवर थांबतो. पण आज नाशिक जिल्ह्यात दिंडोरी, निफाड भागातल्या काही द्राक्षबागांत खांबावर लावलेलं हवामान यंत्र दिसतं. ते काय करतं, हे इयत्ता पाचवीच्या मुलांना कसं सांगता येईल, ते पाहू.

यंत्र काय मोजतं?

तापमान, हवेतली आर्द्रता, पाऊस, वारा, जमिनीतला ओलावा आणि पान किती वेळ ओलं राहिलं ते. शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वेलीला कोवळी फूट येते. तेव्हा पाऊस किंवा दाट दव पडून पानं काही तास सलग ओली राहिली की डाऊनी, म्हणजे केवडा रोग पसरतो. फुलोऱ्यात तो घडावर आला तर वर्षाचं पीक हातचं जातं. या भीतीने शेतकरी ढग दिसले की औषध मारतो. यंत्राच्या आकड्यांवरून फवारणी खरंच हवी का, याचा अंदाज येतो. एक फवारणी वाचली तर औषध, डिझेल आणि मजुरी वाचते.

फळावर औषधाचा अंश राहिला तर निर्यातही अडते. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढरोधकाचे अंश सापडले आणि युरोपात भारतीय द्राक्षं अडकली, त्याचा फटका बागायतदारांना बसला.

फळ्यावर सोडवायचं उदाहरण

एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. दोन ओळींत 9 फूट आणि दोन वेलींत 5 फूट अंतर असेल, तर एका वेलीला 45 चौरस फूट जागा लागते. मग वेली किती? 968. प्रत्येक वेलीला ताशी 4 लिटरचे दोन ड्रीपर असतील, तर एका तासात पाणी किती? 968 × 8 = 7,744 लिटर. मुळाशी ओलावा पुरेसा आहे असं सेन्सरने दाखवलं आणि ठिबक अर्धा तास आधी बंद केलं, तर 3,872 लिटर पाणी वाचतं. हे उत्तर आलं की मुलांना विचारा, तुमच्या घरच्या टाकीत किती लिटर मावतं?

मग सगळेच का घेत नाहीत?

खर्च आहेच. एक-दोन एकरवाल्याला तो जड जातो. मळ्यात नेटवर्क नसतं, बिघाड झाला तर दुरुस्तीला माणूस वेळेवर येत नाही. यंत्रही चुकीचं सांगू शकतं. सेन्सर अगदी ड्रीपरखाली पुरला तर तो कायम 'ओलं' दाखवणार. पानाच्या ओलाव्याचा सेन्सर फवारणीच्या थराने माखला तर पुसावा लागतो. म्हणून अनुभवी शेतकरी आकडा बघतो आणि मूठभर मातीही दाबून बघतो. त्याला मागासलेपण म्हणू नका. विज्ञानात आपण यालाच पडताळा म्हणतो.

अजून एक गोष्ट. सूचना येते ती मोबाईलवर, आणि बागेत दिवसभर राबणाऱ्या आईच्या हातात तो मोबाईल असतोच असं नाही. आकडा वाचता आला तरच यंत्राचा उपयोग, आणि तो वाचता येणं आपण शाळेत शिकवतो. 'शेतीच करायची तर शिकून काय करायचं?' असं म्हणणाऱ्या पालकांना हे जरूर सांगा.

मुलांसाठी उपक्रम

1. डब्याचं साधं पर्जन्यमापक करा आणि पावसाची रोज नोंद ठेवा.
2. सकाळी शाळेच्या आवारातलं एक पान बघा. दव किती वाजता सुकलं ते आठवडाभर लिहा.
3. घरी विचारा: पाणी कधी द्यायचं, हे तुम्ही कशावरून ठरवता?

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं वर्गात मोठ्याने वाचून घ्या. आई, आजोबा यांचे अंदाज आणि मुलांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवा. कुठे जुळतात आणि कुठे नाही, हे मुलांनाच शोधू द्या.