भूलतज्ज्ञांसोबत काम करताना: काय करावे, काय टाळावे

सर्जन, निवासी डॉक्टर, परिचारिका, वॉर्डातले आणि थिएटरमधले कर्मचारी, सर्वांसाठी.

काय करावे

- तारीख ठरताच रुग्णाला भूलपूर्व तपासणीसाठी पाठवा. टेबलावरची पहिली भेट फक्त तातडीच्या केसमध्ये चालते.
- जुने डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्यांची पाकिटेच मागवा. ‘बीपीची पांढरी गोळी’ एवढ्यावर काही ठरत नाही.
- आधीच्या भुलीत काय झाले ते विचारा, रुग्णाचेही आणि रक्ताच्या नात्यातल्यांचेही. भुलीत अचानक ताप चढून कुणी दगावल्याचे कळले तर त्याच दिवशी भूलतज्ज्ञांना फोन करा.
- उपाशी ठेवण्याची वेळ घड्याळाने लिहून द्या: पाणी २ तास, आईचे दूध ४, वरचे दूध, दुधाचा चहा आणि हलके खाणे ६, तळलेले किंवा मटण ८.
- केस लांबली तर ही वेळ नव्याने लिहा. दुपारी तीनच्या रुग्णाला रात्री बारापासून कोरडे ठेवणे ही शिस्त नव्हे, छळ आहे.
- ‘काही खाल्लेत का?’ असे विचारण्याऐवजी ‘शेवटचे काय खाल्ले-प्यायले, किती वाजता?’ असे विचारा. चहा-बिस्किट आपल्याकडे खाण्यात धरत नाहीत.
- तंबाखू, गुटखा आणि मिश्रीबद्दल बायकांनाही विचारा, आणि तोंड उघडायला लावा. तीन बोटे मावत नसतील तर आदल्या दिवशीच कळवा.
- कवळी वॉर्डातच काढून ठेवा, हलणारा दात कागदावर नोंदवा, नखांचा रंग पुसा.
- रक्त पातळ करणाऱ्या औषधाचे नाव आणि शेवटच्या डोसची तारीख-वेळ केसपेपरवर लिहा. पाठीतून भूल देता येईल की नाही ते त्यावर ठरते.
- मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर तारीख ठरतानाच सांगा. नियोजित शस्त्रक्रियेआधी ती निदान ३ दिवस बंद करतात, आदल्या संध्याकाळी सांगून उपयोग नाही.
- जागतिक आरोग्य संघटनेची २००८ सालची सुरक्षा-यादी तिन्ही वेळा मोठ्याने वाचा: भुलीआधी, चिरा देण्याआधी, रुग्ण थिएटरबाहेर नेण्याआधी. मनात वाचलेली धरली जात नाही.
- सिरिंज भरताच तिच्यावर औषधाचे नाव आणि प्रमाण लिहा. बिनलेबलची सापडली तर फेकून द्या.
- रक्तस्राव वाढला, बेत बदलला, अजून तासभर लागणार, हे लगेच बोला. पडद्यापलीकडून सगळे दिसत नाही.
- स्वतः लोकल देताना डोस वजनावरून काढा: साधी लिग्नोकेन किलोमागे ३ मि.ग्रॅ., ॲड्रेनलिनसह ७. दोन टक्क्यांच्या १ मि.लि.मध्ये २० मि.ग्रॅ. असतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधी ९ मि.लि.च.
- २० टक्के लिपिड इमल्शनची बाटली कुठल्या कपाटात आहे ते आजच पाहून ठेवा. लोकलची विषबाधा झाल्यावर शोधायला वेळ नसतो.
- रिकव्हरीत आणि वॉर्डात श्वास स्वतः मोजा, पूर्ण एक मिनिट.
- बसल्यावर वाढणारी आणि आडवे होताच उतरणारी डोकेदुखी स्पायनलनंतर दिसली तर भूलतज्ज्ञांना कळवा. बाळंतिणीला ‘जागरणामुळे आहे’ म्हणून परत पाठवू नका.

काय टाळावे

- फिजिशियनच्या चिठ्ठीवर नुसते ‘फिटनेस द्यावा’ लिहू नका. नेमका प्रश्न लिहा, भूल द्यायची की नाही ते भूलतज्ज्ञ ठरवतील.
- ‘भूलवाले आले का?’ असे म्हणू नका, रुग्णासमोर तर नाहीच. त्या डॉक्टरांना नाव आहे.
- ‘छोटीशीच केस, थोडीशी भूल द्या’ असे सांगू नका. दहा मिनिटांच्या केसलाही ऑक्सिजन, सक्शन आणि नळीची तयारी पूर्णच लागते.
- गुंगी देणारा आणि प्रोसिजर करणारा एकच माणूस ठेवू नका, एंडोस्कोपीच्या खोलीतही.
- ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची ॲम्प्यूल स्पायनलच्या ट्रेजवळ ठेवू नका. बुपिव्हाकेन समजून ती पाठीत दिली गेल्याने रुग्ण दगावले आहेत.
- उपाशी ठेवायचे म्हणून सकाळच्या सगळ्या गोळ्या सरसकट बंद करू नका. बीटा ब्लॉकर अचानक तुटला की नाडी उसळते.
- यादीतली जागा जाईल म्हणून मुलाची सर्दी, खोकला, ताप लपवू नका.
- भूल देताना आणि उतरवताना गप्पा, गाणी, फोन नको.
- नळी घालण्याच्या वेळी भूलतज्ज्ञांच्या मदतनिसाला दुसऱ्या कामाला पिटाळू नका.
- अलार्म बंद करायला धावू नका. आधी रुग्ण पाहा, मग मॉनिटर.
- सॅच्युरेशन ९८ दिसले म्हणून निर्धास्त राहू नका. ऑक्सिजन लावलेला असताना श्वास मंदावला तरी आकडा बराच वेळ चांगला राहतो.
- ‘स्पायनलने कंबर कायमची जाते’ या समजुतीला मान डोलावू नका. टोचल्या जागी काही दिवस दुखू शकते, इतकेच सांगा.
- भुलीच्या संमतिपत्रावर नातेवाइकांची सही उरकून घेऊ नका. रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर सही त्याची, तीही भूलतज्ज्ञांनी समजावल्यानंतर.
- वेदनाशामकाचा ठरलेला डोस रुग्ण कळवळेपर्यंत अडवू नका.
- केस पुढे ढकलली तर नातेवाइकांपुढे वाद घालू नका. कारण आणि पुढची तारीख केसपेपरवर लिहून घ्या.
- त्याच दिवशी घरी जाणाऱ्या रुग्णाला एकट्याने सोडू नका, आणि २४ तास गाडी चालवू नये हे सोबतच्या माणसालाही सांगा; रुग्णाच्या ते लक्षात राहत नाही.